नागपूरच्या उन्हाळ्यात वॉटर-कूल्ड संगणकाला रेडिएटर कोणता घ्यावा?

स्लॅबखालचा

नमस्कार मंडळी. मी मनीषनगरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि घरूनच वास्तुविशारदांसाठी त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करतो. यंत्रात रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आहे. एखादे मोठे काम लावले की दोन्ही सहा-सहा तास पूर्ण भाराने चालतात. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास स्लॅब इतका तापायचा की कूलर चालू असूनही खोलीतील तापमापक ३६ अंशांच्या खाली येत नसे, आणि पंख्यांचा आवाज भिंतीपलीकडे झोपलेल्या आईबाबांपर्यंत जाई. त्यामुळे यंदा एप्रिल लागण्यापूर्वी प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना मिळून एकच कस्टम लूप (सुटे भाग जोडून केलेले, पाणी फिरवणारे वर्तुळ) बसवायचा, असे ठरवले आहे.

पंप, ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी खेळवणारे धातूचे ठोकळे), नळ्या यांची निवड झाली. गाडी अडली आहे ती रेडिएटरवर, म्हणजे पाण्यातली उष्णता पंख्यांच्या हवेत सोडणाऱ्या जाळीवर. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला ३६० (१२० मिमीचे तीन पंखे ओळीने बसतात तो) आणि समोर ३६० बसतो, असे माहितीपत्रकात छापलेले आहे. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ६० मिमी जाडीचा, दाट फिनांचा (हवेला उष्णता देणाऱ्या पातळ पत्र्यांचा) एकच ३६० रेडिएटर वरच्या बाजूला बसवायचा; दुसरा म्हणजे ३० मिमी जाडीचे, विरळ फिनांचे दोन ३६० घ्यायचे. दुसऱ्या पर्यायात तीन पंखे आणि फिटिंगचा एक जोड जास्तीचा लागतो, म्हणजे खर्च वाढतो. जाड रेडिएटर पातळ दोघांची बरोबरी करतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

कोराडीचा_निवृत्त

तुमचा प्रश्न चांगला आहे, पण त्यातील एक आकडा तुम्ही ओघात लिहून गेलात, तो मी आधी घेईन. तो म्हणजे खोलीचे ३६ अंश. माझी नोकरी औष्णिक वीज केंद्रात कूलिंग टॉवर आणि कंडेन्सर यांच्या सोबतीने गेली. तिथे शिकलेली पहिली गोष्ट अशी की उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्राची निवड ते यंत्र ज्या हवेत उभे राहणार त्या हवेवरून करायची असते. यंत्रात येणारी उष्णता तर दिलेलीच असते.

रेडिएटरमधले पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीही होऊ शकत नाही. त्या दोघांतील फरक किती राहील, एवढेच रेडिएटर ठरवतो. हौशी मंडळी पाणी आणि हवा यांच्यात १० अंशांचा फरक चांगला मानतात, आणि मध्यम वेगाच्या पंख्यांवर तो राखण्यासाठी दर १०० वॅटला १२० मिमीचा एक भाग, असा ढोबळ हिशेब धरतात. तुमचा प्रोसेसर कमाल २३० वॅट घेतो आणि कार्ड ३२० वॅट, म्हणजे एकूण ५५० वॅट. सहा भाग झाले, म्हणजेच दोन ३६०. एकाच ३६० वर हा भार टाकला तर पंख्यांचा वेग तसाच ठेवल्यास फरक साधारण दुप्पट होईल, कारण हा फरक उष्णतेच्या प्रमाणात वाढतो.

आता हा फरक थंड प्रदेशात आणि आपल्याकडे सारखा का नाही, ते पाहा. २२ अंशांच्या खोलीत २० अंशांचा फरक पडला तरी पाणी ४२ वर थांबते आणि कोणाचे काही बिघडत नाही. तुमच्या ३६ अंशांच्या खोलीत तोच फरक पाण्याला ५६ वर नेतो. लूपमध्ये सर्रास वापरले जाणारे डी५ आणि डीडीसी पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहेत, आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास नरम पडू लागतात. म्हणजे तुमच्या हाती चारच अंश उरतात. आपल्या शहरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे (२०२४ च्या मे अखेरीस गाजलेला ५६ अंशांचा आकडा सेन्सरच्या दोषाचा होता, तो धरू नका). कूलर बंद पडला तर स्लॅबखालची खोली बाहेरच्या हवेच्या किती मागे राहील, याचा विचार तुम्हीच करा.

जाडीबद्दल. रेडिएटरमधून जाणारी हवा पहिल्या काही मिलिमीटरांत भराभर तापते. पुढच्या जाडीपर्यंत पोहोचेस्तोवर ती पाण्याच्या तापमानाच्या इतकी जवळ आलेली असते की आणखी उष्णता उचलण्याची तिची ताकद उरत नाही. त्यामुळे जाडी दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही. हवेचा प्रवाह जोराचा असेल तरच ती जाडी उपयोगी पडते. ५५० वॅट उष्णता उचलताना हवा ६ अंशांनीच तापावी असे धरले, तर ताशी जवळपास ३०० घनमीटर हवा लागते. सहा पंख्यांत वाटली तर प्रत्येकी ५० घनमीटर येते आणि ते काम पंखे शांतपणे करतात. तीन पंख्यांत वाटली तर प्रत्येकी १००, आणि तेही ६० मिमीच्या दाट फिनांमधून रेटायचे. तुमच्या आईबाबांची झोप तिथे मोडते.

एक जाता जाता. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डाकडे, दोन्हींच्या मध्ये रेडिएटर हवा का, यावर डोके शिणवू नका. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर ५५० वॅट घेऊनही पाणी सबंध फेरीत फक्त २ अंशांनी तापते. नळ्यांना जो मार्ग सोयीचा, तोच योग्य.

बर्डीकर

काकांनी सांगितलेले सर्व मान्य. मात्र खरेदीला बर्डीच्या बाजारात जाण्याआधी हातात पट्टी घ्या. माहितीपत्रकात ‘वर ३६० बसतो’ असे लिहिलेले असते, पण त्यात जाडी धरलेली नसते. ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा पंखा मिळून ५५ मिमी होतात. ६० मिमीचा घेतलात तर ८५. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डवरच्या हीटसिंकपर्यंत आणि रॅमच्या वरच्या कडेपर्यंत किती जागा आहे, ते मोजा. लांबीही ३६० नसते, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून बहुतेक रेडिएटर ३९० ते ४०० मिमी भरतात. त्यापुढे फिटिंग आणि नळीचे वळण. मी पुठ्ठ्याचा खोटा रेडिएटर कापून कॅबिनेटमध्ये बसवून पाहतो. पोरखेळ वाटेल, पण त्यामुळे एकदा पाच हजार रुपये वाचले आहेत.

स्लॅबखालचा

मोजले. छतापासून हीटसिंकपर्यंत ५९ मिमी आहेत. म्हणजे ६० मिमीचा पर्याय पट्टीनेच बाद केला! काका, तुमच्या उत्तराने उरलेली शंकाही गेली.

रेंडररात्र

मीही रेंडरिंगच करते, त्यामुळे दोन गोष्टी अनुभवावरून लिहिते.

पहिली गोष्ट अशी की रेडिएटर मोठा घेतल्याने ७९५०एक्सच्या तापमानाचा आकडा तुम्हाला वाटतो तेवढा खाली येणार नाही. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवला आहे आणि उष्णता दोन लहानशा चिपलेटांत, म्हणजे चिपच्या तुकड्यांत, एकवटलेली असते. ती तिथून ब्लॉकपर्यंत पोहोचतानाच तापमानाचा बहुतेक फरक पडतो, आणि त्यावर रेडिएटरचा काही अधिकार चालत नाही. ग्राफिक्स कार्डाची चिप मोठी असल्याने ते पाण्याच्या मागोमाग चालते. पाणी ५ अंशांनी उतरले की कार्डही ५ अंशांनी उतरते. त्यामुळे बायोसमध्ये प्रोसेसरला १०५ वॅटचा इको मोड (वीज कमी घेण्याची सोय) लावून पाहा. नाव १०५ चे असले तरी कमाल वापर २३० वरून १४२ वॅटवर येतो, आणि माझ्या कामात रेंडरचा वेळ जेमतेम वाढला. रेडिएटरवरचे ८८ वॅट फुकटात कमी झाले, असे समजा.

दुसरी गोष्ट फिनांच्या दाटीची. माझा पहिला रेडिएटर इंचाला ३० फिनांचा होता आणि दुकानात तो फार भारदस्त वाटला होता. आमच्याकडे कूलर मार्चअखेरीस लागतो. जूनमध्ये मी पंखे काढले, तेव्हा फिनांच्या तोंडावर करड्या रंगाची एक सलग चादर बसलेली होती, आणि ती बोटाने सोलता येत होती. त्यात रस्त्याची धूळ होतीच, शिवाय कूलरच्या खसेचे बारीक तंतू फिनांत आडवे अडकून बसले होते आणि त्यांच्यावरच पुढची धूळ साचत गेली होती. ब्लोअर मारला तर वरची चादर उडाली, आतली तशीच राहिली. शेवटी मऊ ब्रश आणि दोन रविवार खर्ची पडले. आताचा रेडिएटर इंचाला १२ फिनांचा आहे. परीक्षणांतील तक्त्यात तो वेगवान पंख्यांवर मागे पडतो, हे खरे. पण ती परीक्षणे स्वच्छ खोलीत आणि नव्या रेडिएटरवर होतात. आपल्याकडे मे महिन्यातला धुळकट रेडिएटर कसा चालतो, यावरून निवड करावी.

फिरकीपंखा

ताईंशी सहमत. पंख्यांबद्दल थोडे लिहितो, कारण रेडिएटर आणि पंखा ही जोडी एकत्रच निवडायची असते.

पंख्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तो समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. रेडिएटरसाठी स्थिर दाबाचा, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटण्याच्या ताकदीचा, आकडा पाहावा. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२एक्स२५ चा स्थिर दाब मिनिटाला २,००० फेऱ्यांना २.३४ मिमी पाणी आहे, आर्क्टिकच्या पी१२ चा १,८०० फेऱ्यांना २.२. किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक आहे. विरळ फिनांच्या ३० मिमी रेडिएटरला दुसरा पंखा पुरतो, असे माझे मत आहे. दोन्ही बाजूंनी पंखे लावण्याचा मोह टाळा. पातळ, विरळ रेडिएटरवर त्याचा लाभ किरकोळ असतो आणि तुमच्याकडे जागाही नाही.

ज्यांच्या कॅबिनेटमध्ये ३६० बसत नाही, त्यांच्यासाठी एक हिशेब देऊन ठेवतो. २४० चे (१२० मिमीचे दोन पंखे) क्षेत्रफळ २८८ चौरस सेंमी, २८० चे (१४० मिमीचे दोन) ३९२ आणि ३६० चे ४३२. म्हणजे २८० हा २४० चा किंचित मोठा भाऊ नाही, तो ३६० च्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा आहे, आणि १४० मिमीचे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतात. लोक त्याच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात.

आता एक फजितीही सांगतो. २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू लागतो, म्हणजे रेडिएटरच्या आत ५ मिमी जातो. माझ्याकडे एक स्क्रू कमी पडला, म्हणून मी डब्यातला ३५ मिमीचा घेतला. शेवटचे दोन आटे जरा जड गेले आणि ‘किट्’ असा बारीक आवाज आला. मला वाटले, स्क्रू घट्ट बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर एक थेंब होता, आणि तो पुसला तर दहा मिनिटांनी तिथेच दुसरा. स्क्रूच्या टोकाने पाण्याची नळी भोसकली होती. रेडिएटर पितळी नळ्यांचा होता म्हणून वाचला. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे तो नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, ‘हा कोणत्या गाडीचा?’ असे विचारले, डाग देऊन भोक बुजवले आणि हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवला. बुडबुडा आला नाही. तो आजही चालू आहे. तेव्हा स्क्रूच्या भोकांखाली संरक्षक पट्टी असलेला रेडिएटर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, आणि स्क्रू नेहमी मोजून घ्या.

स्लॅबखालचा

फारच उपयुक्त. आणखी दोन शंका आहेत. ॲल्युमिनियमचा ३६० तांब्याच्या निम्म्या किमतीत मिळतो आहे, तो चालेल का? आणि कूलर नाहीतरी खोलीत आहेच, तर कॅबिनेट सरळ त्याच्या झोतात ठेवले, किंवा रेडिएटरच कूलरच्या टाकीत बुडवला, तर काय होईल? हसू नका.

बर्डीकर

ॲल्युमिनियम नको. तुमचे ब्लॉक निकेल चढवलेल्या तांब्याचे असणार. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते; मग त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. तयार मिळणाऱ्या बंद कूलरांत बहुधा ही जोडी असते, पण तिथे गंजरोधक घातलेले द्रव कारखान्यातच भरून झाकण कायमचे लावलेले असते. आपण लूप उघडणार, पाणी बदलणार. तांबे-पितळच घ्या. त्याच कारणाने मोटारीचा नवा रेडिएटर वापरण्याची कल्पनाही सोडा, कारण ते हल्ली बहुतेक ॲल्युमिनियमचेच असतात.

कोराडीचा_निवृत्त

मी हसलो नाही, कारण टाकीत रेडिएटर बुडवणे ही कल्पना तत्त्वतः बरोबर आहे. वीज केंद्राचा कूलिंग टॉवर म्हणजे एक प्रचंड डेझर्ट कूलरच असतो. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान (पाणी वाळून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते) सुमारे २३ अंश येते. कूलरच्या टाकीतले पाणी त्याच्या आसपास पोहोचते आणि चांगल्या खसेतून येणारी हवा २७-२८ अंशांची असते. वैशाखात नागपूरकर ज्याच्या जोरावर जगतो, ते हेच गणित आहे.

अडचण व्यवहारातली आहे. टाकीत बोअरचे जड पाणी असते, ते रोज आटते आणि क्षार मागे ठेवते. महिनाभरात तुमच्या फिनांवर पांढरा थर चढेल. टाकी जस्ताच्या पत्र्याची असेल, तर तांब्याशी संगत होऊन जस्त आधी जाईल आणि टाकी गळेल. झोतात कॅबिनेट ठेवण्याबाबतही तेच; खस नीट नसेल तर हवेबरोबर सूक्ष्म तुषार येतात आणि ते मदरबोर्डवर वाळतात. कूलरला खोली थंड करू द्या आणि कॅबिनेट झोतापासून बाजूला, पण खिडकीतल्या तापलेल्या हवेपासून दूर ठेवा. खोलीतून हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही तर दमटपणा साचतो आणि कूलरचा गुण जातो, हे वेगळे सांगायला नको.

पावसाळ्याचे भान मात्र ठेवा. हवा दमट झाली की कूलर दोन-तीन अंशांपलीकडे मदत करत नाही. बाहेर ३२ अंश आणि खोलीत ३४, असे सप्टेंबरपर्यंत चालते. त्यामुळे कूलरच्या भरवशावर रेडिएटर लहान घेऊ नका.

एकच_खोका

सर्वांचा आदर राखून विचारतो, हा सगळा खटाटोप हवाच का? प्रोसेसरला ३८ मिमी जाडीचा तयार ३६० बंद कूलर, ताईंनी सांगितलेला इको मोड, आणि कार्ड त्याच्या स्वतःच्या पंख्यांवर. निम्म्याहून कमी खर्चात काम झाले असते. नळ्या-फिटिंगांचा खर्च एका दीड टनी एसीच्या हप्त्यांत घातला असता, तर माणसालाही गारवा मिळाला असता. संगणकाचे ५०० वॅट दीड टनी एसीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढेच आहेत.

स्लॅबखालचा

तुमचा सल्ला शहाणपणाचा आहे, हे कबूल करतो. माझ्याकडे आवाज मुख्यतः कार्डाचा आहे, आणि तो बंद कूलरने जात नाही. एसीबद्दल घरात ठराव मांडला होता, आईने फेटाळला.

फिरकीपंखा

हवा कोणत्या दिशेने नेणार? माझे मत असे की समोरचा आणि वरचा, दोन्ही रेडिएटर हवा आत ओढणारे ठेवा आणि मागचा एक पंखा बाहेर टाकू द्या. वरचा रेडिएटर बाहेर टाकणारा ठेवला तर समोरच्याने तापवलेलीच हवा त्याला मिळते.

कोराडीचा_निवृत्त

पाण्यापुरते तुमचे बरोबर. पण मग कॅबिनेटच्या आतली सगळी हवा तापलेली असेल, आणि मदरबोर्डवरचे व्होल्टेज नियामक आणि एसएसडी त्याच हवेत बसतील. मी वरचा बाहेर टाकणाराच ठेवला असता. दोन्ही करून पाहावे, पंखे उलटे करायला एक तास लागतो.

रेंडररात्र

बसवण्यापूर्वी नवा रेडिएटर धुवायला विसरू नका. आत डागकामाचा फ्लक्स (सांधे जोडताना लावलेल्या रसायनाचा अवशेष) असतो. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धे भरून, तोंडे बंद करून दोन मिनिटे हलवायचे, आणि पांढऱ्या वाटीत ओतून पाहायचे. माझ्या वेळी पहिल्या पाण्यात काळे कण आले होते. सहाव्या वेळी वाटीचा तळ स्वच्छ दिसला. नळाचे पाणी शेवटच्या धुण्यालाही वापरू नका. बॅटरीचे पाणी म्हणून मिळते ते पुष्कळदा केवळ क्षार काढलेले असते, ते धुण्यापुरते ठीक आहे.

स्लॅबखालचा

नवतपा (मेअखेरीचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) लागून तीन दिवस झाले, म्हणून आज आकडे घेऊन आलो आहे.

शेवटी ३० मिमीचे, तांबे-पितळेचे, विरळ फिनांचे दोन ३६० घेतले. प्रोसेसर १०५ वॅटच्या इको मोडवर आहे, म्हणजे कार्ड धरून भार ४६२ वॅट होतो. पंखे १,१०० फेऱ्यांवर बांधले आहेत. रेडिएटर धुताना चौथ्या पाण्यापर्यंत काळे कण आले. पाण्याचे तापमान पाहण्यासाठी एक सेन्सर लूपमध्येच बसवला आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरऐवजी त्याला जोडला. त्यामुळे पंख्यांचे दर मिनिटाला चढणे-उतरणे थांबले आणि निम्मा त्रास त्यानेच गेला.

काल दुपारी खोली ३३ अंशांवर होती. साडेतीन तास रेंडर चालल्यावर पाणी ४१ वर स्थिरावले. मध्यरात्री दुसरे काम लावून मी झोपलो आणि कूलरची टाकी कधीतरी आटली. पहाटे उठलो तेव्हा खोली ३८ वर आणि पाणी ४६ वर होते, फरक मात्र तोच आठ अंशांचा. काका, तुमचे गणित डोळ्यांसमोर खरे झाले. पाणी ५० च्या वर गेले की यंत्र आपोआप रेंडर थांबवेल, अशी सोय आता केली आहे.

हवेच्या दिशेचे दोन्ही प्रयोग केले. वरचा रेडिएटर आत ओढणारा ठेवला तेव्हा पाणी दीड अंशाने उतरले, पण एसएसडी ९ अंशांनी चढली. पुन्हा बाहेर टाकणारा केला.

आईच्या म्हणण्याप्रमाणे आवाज ‘आहे, पण कूलरच्या आड जातो’. आणि बर्डीकर, वरचा पंखा आणि हीटसिंक यांच्यात बरोबर ४ मिमी उरले आहेत. तुमच्या पुठ्ठ्यानेही तेवढेच सांगितले होते.